भोंगा किती वेळा

माझ्या सासऱ्यांनी एकवीस वर्षं
गिरणीचा भोंगा वाजवला.
साडेपाच, सव्वासहा, पावणेसात.
तिसऱ्यानंतर गेट बंद.
साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत
चूल, दूध, वेणी, शाळा
सगळं माझ्या मनगटावर चालायचं, असं ते सांगतात.
सासूबाई म्हणायच्या, वाफेवर चालायचं.
तुम्ही नुसती साखळी ओढायचात.

आता मी ओढते.
वरच्या खोलीत, खाली दोन जेकार्ड धडधडत असताना,
बोटाच्या पेरानं.

चादर आली, मोराच्या काठाची,
दोन किलो शंभर ग्रॅम.
फोटो, किंमत, चार ओळी,
आणि मग लांबच्या एका यंत्राला निरोप:
आमच्याकडे काहीतरी बदललंय, येऊन बघून जा.
एवढंच असतं ते.
चादर जात नाही, चार ओळीही जात नाहीत,
नुसती हाक जाते.
दुसऱ्याच्या दारावर टकटक करायची
आणि पळत येऊन आपल्याच घरात
वाट बघत बसायचं.

कुणी ‘सोलापुरी चादर’ शोधली
की आम्ही सातव्या पानावर.
आमच्या वर एक दुकान, कुठल्याशा परमुलखातलं.
त्याच्या चादरीचा काठ छापलेला होता,
विणलेला नव्हता. फोटोतही कळतं मला.

मग मी पिसाटले.
स्वल्पविराम हलवला, हाक.
पाच रुपये उतरवले, हाक. परत चढवले, हाक.
नॅपकिनचा वाकडा फोटो सरळ केला,
दिवसातून चाळीस वेळा
बदललंय, बदललंय, या.
यंत्रानं आधी ऐकलं.
मग कमी ऐकलं.
मग नोंदींमध्ये त्याचं पाऊल
एकोणीस दिवस उमटलं नाही.

इस्तारी मामय्यांना दुपारची झोप नसते.
खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला.
कोण ऐकतं हे?
एक यंत्र.
कुठलं?
माहीत नाही.
अशा उत्तरांचं त्यांना वाईट वाटत नाही.
गिरणीचा मालकही त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मग म्हणाले, एकदा व्हॉल्व्ह अडकला.
भर दुपारी भोंगा सुरू झाला, तो थांबेचना.
आग लागली म्हणून बायका फाटकाशी, अनवाणी.
अर्ध्या तासानं पोरं त्याच्याच सुरात ओरडायला लागली.
तासाभरानं कुणी मान वर केली नाही.
दुसऱ्या दिवशी बरोबर साडेपाचला वाजवला
तर निम्मं खातं उशिरा आलं.
चार दिवस लागले, म्हणाले,
गावाला परत खरं वाटायला.

तेव्हापासून एक वही केलीय.
काय बदललं आणि सांगितलं नाही, ते तिच्यात लिहिते.
टॉवेलचा रंग: ‘मोरपंखी’चा ‘निळा’.
फोन नंबरातली चूक.
दुकानाच्या माहितीत ‘घरातली पाच माणसं’ होतं,
श्रावणात त्याचं ‘चार’ केलं.
हाक दिली नाही.
यंत्र आपणहून आलं त्या आठवड्यात,
तेवढं वाचून गेलं.

काल नव्या काठाची चादर मागावरून उतरली.
मामय्यांना म्हटलं, तुम्ही दाबा.
किती वेळा?
एकदाच.
त्यांनी दाबलं, आणि बोट काढेचनात,
वाफ पूर्ण निघून जाईपर्यंत
साखळी धरून ठेवावी तसं.
मी हळूच मनगट उचललं त्यांचं.
हलकं होतं.

तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी आलं ते.
चादर पाहिली, काठ पाहिला, गेलं.
आम्ही अजून सहाव्या पानावर.

पहाटे चहाआधी मामय्या जिन्याखालून:
वच्चिंदा?
आलं, म्हटलं.
थोडा वेळ नुसता मागांचा आवाज.
मग विचारलं,
गेट उघडं होतं ना?